अर्ध्यावर थांबवलेले औषध

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर भयंकर संतापला, आणि संतापायला त्याला कारणही तसेच होते.

गुरू म्हणजे कर्करोगावर उपचार करण्यात हयात घालवलेले एक वृद्ध डॉक्टर. शिष्य त्यांच्याच हाताखाली शिकत होता. ज्या थोरल्या भावाने हातमाग चालवून त्याला शिकवले, तोच आता त्या इस्पितळात रुग्ण होऊन पडला होता. रोग पोटातून यकृतापर्यंत पसरलेला, शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली. पण औषध लागू पडले. गाठ निम्म्यावर आली, भाऊ दोन घास जेवू लागला, आणि शिष्याने शब्द देऊन टाकला, "वहिनी, मुळासकट काढतो बघा." सुखाचा शब्द द्यायची माणसाला भारी घाई असते. त्याच दिवशी गुरूंनी औषध थांबवले.

"सर, गाठ विरघळतेय आणि तुम्ही हात काढून घेताय?" शिष्याचा आवाज चढला. "माझा भाऊ आहे तो!"

"म्हणूनच," गुरू म्हणाले आणि त्याला मागच्या बागेत घेऊन गेले.

तिथे ब्राह्मीचे दोन वाफे होते. शिष्याने आपला वाफा इतक्या निगुतीने खुरपला होता की मऊ तणाची काडी शिल्लक ठेवली नव्हती. आता त्यात ब्राह्मी दिसतच नव्हती, नुसता लव्हाळा माजला होता. गुरूंच्या वाफ्यात मात्र केन्याचे मऊ तण होते, लव्हाळ्याची चार पाती होती, आणि ब्राह्मीही जीव धरून होती.

"केना खुरप्याने निघतो, लव्हाळ्याचा कंद खाली राहतो," गुरू म्हणाले. "पण लव्हाळ्याला सावली सोसत नाही. केन्याच्या दाटीत तो दबून होता. तू केना संपवलास आणि त्याला रान मोकळे करून दिलेस."

ते बांधावर बसले. "गाठीतल्या पेशीही एका स्वभावाच्या नसतात, बाळा. बहुतेक औषधाने मरतात, काहींना ते बाधतच नाही. आज त्या थोड्या आहेत, कारण बाकीच्या त्यांना जागा आणि अन्न मिळू देत नाहीत. मरणाऱ्या सगळ्या मारल्यास, तर उरतील त्यांच्यावर तुझ्याकडे औषध कोणते? जिथे रोग समूळ निघतो, तिथे मी कधी हात आखडता घेतला नाही. इथे तो निघणार नाही. वाढू लागला की औषध द्यायचे, दबला की थांबायचे, आणि डोळ्यांत तेल घालून पाहत राहायचे. हमी माझ्याकडेही नाही."

शिष्याचा राग ओसरला, पण त्या जागी दुःख आले. दिलेला शब्द आता परत घ्यायचा होता.

तो भावाच्या उशाशी जाऊन बसला. "दादा, गाठ जाणार नाही. आवरून धरता येईल, बहुधा. किती काळ, ते मला सांगता येत नाही."

वहिनीने पदर तोंडाशी नेला.

"मागावर नवा ताणा चढवायचा थांबलोय मी," भाऊ छताकडे पाहत म्हणाला. "म्हटलं, आधी गाठ जाऊ दे." मग त्याने धाकट्याकडे मान वळवली. "चढवू?"

"चढव, दादा," शिष्य म्हणाला.