बारीक असेल ते खोल रोवावं

तापीकाठच्या एका गावात सुपडू नावाचा एक भोळा गडी होता. मनानं सोनं, पण सांगितलेलं शब्दाला शब्द करायचा. एकदा हातपंपाचा दांडा तोंडावर बसला नि त्याचा पुढचा दात गेला. ती फट बघून आलेल्या सोयरिकी मोडायला लागल्या. त्याची माय वच्छाबाई काळजीनं वाळली. "माझ्यामागं याला भाकर कोण घालील?" म्हणायची.

शेवटी तिनं त्याला तालुक्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी जबड्याच्या हाडात स्क्रू बसवला. काही महिन्यांनी त्यावर पांढराशुभ्र दात चढवला.

"सुपडूभाऊ," बाई म्हणाल्या, "तुमचं हाड अरुंद, म्हणून स्क्रू बारीक घेतलाय. बारीक स्क्रू वरवर बसवला, की चावताना हिसका बसतो, हलतो, मोडतो. म्हणून खोल रोवलाय. आता टिकेल."

"म्हणजे बारीक असेल ते खोल रोवायचं?"

"बरोब्बर!"

आता यात बाईंची काय चूक, सांगा!

दात बसला तशी नवी सोयरीक आली. दगडूआबा आपल्या आईवेगळ्या लेकीला, लीलाला, घर दाखवायला घेऊन येणार होते. माय पहाटेपासून राबत होती. "सुपडू, देवापुढं उदबत्ती लाव रे!"

सुपडूनं उदबत्ती बघितली. बारीक! पेटवली नि केळ्यात टोकापर्यंत खुपसली. चर्रर्र झालं नि विझली.

"अरे बैलोबा! निम्मी वर ठेवायची!"

"असं होय? पुढच्या वेळी तसंच करीन."

"जा, विहिरीवरून पाणी आण."

सुपडूनं बादली सोडली ती विहिरीच्या निम्म्यातच थांबवली. बादली लोंबतेय, हा वर उभा. बऱ्याच वेळानं कोरडी बादली घेऊन घरी आला.

"निम्मी वर ठेवली, माय."

मायनं कपाळ बडवलं. "अरे मुडद्या, पाणी लागेपर्यंत खाली सोडायची!"

"असं होय? पुढच्या वेळी तसंच करीन."

"आता पाहुणे येतील. मेख ठोक नि शेळी बांध. मोकाट सुटली तर सगळं फस्त करील."

सुपडूनं मेख ठोकली. पाणी लागेना. आणखी ठोकली. मेख पार मातीत गडप झाली, तरी पाणी लागेना! तिकडं शेळीनं पाहुण्यांसाठी निवडलेली मेथी खाल्ली, वर मायचं लुगडंही चघळलं.

"अरे, मेखेचं डोकं तरी वर ठेवायचं! दोरी कशाला बांधू, माझ्या नशिबाला?"

"असं होय? पुढच्या वेळी तसंच करीन."

तेवढ्यात पाहुणे आलेच. सुपडू गोड हसला. दात बघून दगडूआबा खूश झाले. लीला लाजली. सुपडूला तर ती बघताक्षणी आवडली. मायच्या जिवात जीव आला.

चहा पिता पिता आबा हळवे झाले. "पोर अंगानं फार बारीक आहे हो, वच्छाबाई. तुमच्या घरी टिकेल ना?"

सुपडूनं कान टवकारले. बारीक! म्हणजे हलणार, म्हणजे हीही सोयरीक मोडणार! तो गुपचूप उठून अंगणात गेला. जरा वेळानं बाहेरून कुदळीचे घाव ऐकू यायला लागले.

घाव थांबेनात, तसे सगळे बाहेर धावले. सुपडू घामाघूम, कमरेइतक्या खड्ड्यात उभा.

"अहो जावईबापू, हा खड्डा कशाला?" आबांनी विचारलं.

"लीलासाठी."

आबा दोन पावलं मागं सरकले. सुपडूनं त्यांना धीर दिला. "भिऊ नका, आबा. गळ्यापर्यंतच रोवीन. डोकं वर ठेवीन."

लीलानं किंकाळी फोडली. बापाचा हात धरला नि जी पळत सुटली, ती वेशीपल्याड गेली. चपला दारातच राहिल्या.

मायनं मटकन बसकण मारली. सुपडूनं कुदळ खाली ठेवली, रस्त्यावर उडालेल्या धुळीकडं बघितलं नि हळहळत म्हणाला,

"बघितलंस माय? रोवली नाही, म्हणून हलली!"