सुपडीच्या नावाची कहाणी

ऐक माये सटवाई, तुझीच कहाणी. आटपाट नगराच्या वेशीपाशी एक बुरुडीण राहत होती. ती सुपं विणी, साऱ्या गावाचं धान्य तिच्या सुपांत पाखडलं जाई. पण तिचा पाळणा काही हलेना. पहिलं लेकरू झालं, पाचवीला गेलं. दुसरं झालं, पाचवीला गेलं. तिसरं झालं, तेही पाचवीला गेलं.

मग चौथ्यांदा दिवस राहिले. बुरुडीण सटवाईच्या ठाण्याशी गेली, पायरीवर डोकं आपटलं. "माये, एवढा जीव तरी जगू दे!"

सटवाई म्हातारी होऊन आली. म्हणाली, "बाई, बाई, मूल झालं की सुपात घाल, उकिरड्यावर ठेव. जी उचलील तिच्याकडून पसाभर जोंधळ्यांना विकत घे. बारा वर्षं त्याला माझं म्हणू नको. उतू नको, मातू नको, बोलून घालवू नको."

मग मुलगी झाली. बुरुडणीनं ती सुपात घातली, उकिरड्यावर ठेवली. शेजारच्या कुंभारणीनं उचलली, छातीशी धरली, पसाभर जोंधळे घेतले नि परत दिली. सुपातली म्हणून नाव पडलं सुपडी. पाचवी टळली, पोर जगली.

चार वर्षांची झाली, विचारलं, "मी कुणाची गं?" बुरुडीण म्हणाली, "उकिरड्याची." आठ वर्षांची झाली, विचारलं, "मी कुणाची गं?" "उकिरड्याची." अकराव्या वर्षी तापानं फणफणली, हात धरून विचारलं, "आता तरी सांग, मी कुणाची?" बुरुडणीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग म्हणाली, "उकिरड्याची." काय झालं असेल बायांनो तिच्या जिवाचं!

बारा वर्षं भरली. बुरुडीण धावत अंगणात आली. "सुपडे, माझी गं बाई तू! माझ्या पोटची! तीन गेली, म्हणून तुला उकिरड्यावर ठेवलं, कुंभारणीनं उचललं, तिच्याकडून पसाभर जोंधळ्यांना घेतलं नि तोंड शिवलं."

सुपडी मागं फिरली. घरात गेली, तेच जुनं सूप काढलं, त्यात पसाभर जोंधळे घातले नि बुरुडणीपुढे ठेवले. म्हणाली, "हे तुझे परत घे. जिनं मला उचललं, तिच्याकडे मी जाते." मग कुंभारणीच्या दारी गेली. हाका मारमारून बुरुडणीचा घसा बसला, पण ती फिरली नाही.

बुरुडीण ठाण्याशी गेली, रडली, भांडली. "माये, हे काय केलंस?"

सटवाई म्हणाली, "तू जीव मागितलास. मी जीव दिला."

आता देवीला काय म्हणावं! बुरुडीण घरी आली. सुपं विणते, नि भिंतीपलीकडं लेक हसते ते ऐकते.

बायांनो, सुपडी नावाची कुणी भेटली तर नावाला हसू नका. कुणा आईनं तोंड शिवून राखलेला जीव आहे तो. तिला जवळ बसवा, तुझी आई तुझीच होती म्हणून सांगा. बुरुडणीचं लेकरू जगलं, तसं तुम्हां आम्हां सगळ्यांचं जगो. तिच्या दारातून गेलं, तसं कुणाच्या दारातून न जावो. साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरी सरली. ऐकणारीला तरी सुफळ होवो.