काटेऱ्याची चव

पूर्वी गोदेच्या काठी वेणुनगरात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका आचाऱ्याच्या घरी जन्माला आला आणि मोठेपणी राजाच्या पाकशाळेचा मुख्य आचारी झाला. त्याचे नाव सोमिल. मीठ बेताचे आणि बोलणे त्याहून बेताचे, असा त्याचा लौकिक होता. खोटे मात्र तो जन्मात बोलला नव्हता, आणि हे साऱ्या नगराला ठाऊक होते.

राजाला गळ टाकून मासे धरण्याचा मोठा नाद. नदीकाठी त्याचा तळ पडे, तिथेच चूल पेटे आणि तिथेच पंगत बसे. जेवताना राजाने ज्या माशाला ‘छान’ म्हटले, त्या माशाचा खांब दुसऱ्या दिवशी घाटावर उभा राही. खांबावर त्या माशाचे चित्र आणि टोकाला लाल फडके. एकदा खांब लागला की तो मासा फक्त राजाच्या पानात. कोळ्यांच्या जाळ्यात आला तर त्यांनी तो मुकाट्याने पाकशाळेत पोचवायचा. हे काम पाकशाळेचा अधिकारी कुंभक फार हौसेने करी. रोहू, मरळ, वाम आणि शिंगाडा या माशांचे चार खांब त्याने रोवले होते.

कोळवाड्याच्या वाट्याला उरला होता एकटा काटेरा. हा मासा कोणी खात नसे. अंगभर केसासारखे बारीक काटे, आणि ते काढता काढता भूक मरून जाई. पण कोळणींनी त्यावर तोड काढली होती. पाठीपासून पोटापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर चिरा मारायच्या, इतक्या की काट्यांचे तुकडे तुकडे होतात. मग मीठ, हळद, मिरी आणि चिंचेचा कोळ चोळून तिळाच्या तेलात मंद आचेवर भाजायचा. असा काटेरा एकदा खाल्लेला माणूस दुसऱ्या माशाचे नाव काढत नसे. ही गोष्ट कोळवाड्याने कोणाला कळू दिली नव्हती. ‘काटेरा ना? शी! नुसती हाडं,’ असे कोळणीच चारचौघांत मोठ्याने म्हणत.

सोमिलला मात्र ती ठाऊक होती. एका पुरात त्याची नाव उलटली, तेव्हा वेली नावाच्या कोळणीने त्याला आठ दिवस घरात ठेवून काटेराच खाऊ घातला होता. तेव्हापासून तो तिला मावशी म्हणे. काटेऱ्याबद्दल तो कुठे बोलला नाही, कारण त्याला कोणी विचारलेच नाही.

एका सकाळी राजाच्या गळाला काटेरा लागला. हातभर लांबीचा तो मासा असा काही झुंजला की राजाची बोटे दोरीने कापली आणि त्याचा शेला पाण्यात गेला. अखेर मासा काठावर आला तेव्हा सोबतचे लोक हसले.

कुंभक म्हणाला, “महाराज, हा टाकाऊ. द्या फेकून घारींना.”

राजा धापा टाकत होता आणि फार खूश होता. तो म्हणाला, “इतका झुंजणारा टाकाऊ कसा? सोमिल, हा आजच मला वाढ. आणि खरं सांग, हा पकडण्याजोगा, शिजवण्याजोगा आहे की नाही. तू सांगशील ते मी मानीन.”

ही बातमी कोळवाड्यात पोचायला वेळ लागला नाही. सोमिल तळाच्या चुलीपाशी विळी घेऊन बसतो न बसतो तोच वेली तिथे येऊन उभी राहिली. तिला धाप लागली होती.

“सोमिला, चव नाही म्हणून सांग. एवढंच सांग.”

“मावशी, चव आहे.”

“मला शिकवतोस? तुला चव दाखवली कुणी?” वेली मटकन खाली बसली. “बरं, खोटं नको बोलूस. चार चिरा कमी मार. एखादा काटा टोचेल, राजा थुंकेल, आणि आमची सुटका होईल. तुझी जीभ विटाळायची नाही.”

सोमिलचा हात थांबला. चाळीस घरांची चूल या एका माशावर पेटत होती आणि त्यांतल्याच एका घराने त्याला जगवले होते. चार चिरा कमी मारणे किती सोपे होते! त्या क्षणी त्याला स्वतःच्या खरेपणाचा राग आला. पण हाताने बोललेले खोटे काही कमी खोटे नसते, हेही त्याला दिसत होते.

“मावशी, मी चिरा पुऱ्या मारणार. आणि विचारलं तर खरं सांगणार. पण अर्धं सांगून थांबणार नाही.”

“म्हणजे काय करशील?”

“ते मला अजून नीट माहीत नाही.”

“मग तुझं खरं तुलाच लखलाभ!” असे म्हणून ती उठली. जाता जाता मात्र तिची नजर माशावर गेली. “शेपटीकडं आणखी जवळ मार. तिथं काटे दाट असतात,” ती रागानेच म्हणाली आणि निघून गेली.

दुपारी राजा पानावर बसला. काठावर सारा कोळवाडा येऊन उभा होता. राजाने पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि मग तो न थांबता शेपटीपर्यंत पोचला. हात चाटून त्याने सोमिलकडे पाहिले.

“सांग आता. कसा आहे हा मासा?”

सोमिल म्हणाला, “महाराज, या नदीत याच्याइतका चवदार मासा नाही.”

काठावर कोणीतरी हुंदका दिला. वेलीने पदर तोंडाला लावला.

“आणि म्हणूनच मला भीती वाटते,” सोमिल पुढे म्हणाला. “महाराज आता ‘छान’ म्हणतील. उद्या पाचवा खांब लागेल आणि ही समोरची माणसं उपाशी राहतील. चार मासे गेले तेव्हा यांनी हा टाकाऊ मासा खाण्याजोगा केला. ही चव माशाची आहे तितकीच यांच्या हातांची आहे. ती पानात घ्यावी, पण यांच्या तोंडून काढू नये.”

राजा गोंधळला. “खांब? कसला खांब? घाटावरची ती लाल फडकी तर मी शोभेची समजत होतो.”

आता गोंधळायची पाळी सोमिलची होती. कुंभकाने लगबगीने पुढे येऊन हात जोडले. त्याच्या मागे एक नवा खांब तयारच होता, काटेऱ्याचे चित्र काढलेला. रंग अजून ओला होता.

“महाराजांना जे आवडलं, ते महाराजांसाठी राखून ठेवतो. महाराज ‘छान’ म्हणतात ना, तीच आज्ञा समजतो.”

“अरे पण,” राजा म्हणाला, “पानावरून उठताना ‘छान’ म्हणावं, रांधणाऱ्याचे कष्ट असतात, असं मला आईने शिकवलं! मी तर कारल्यालाही छान म्हणतो, आणि कारलं मला मुळीच आवडत नाही!”

कुंभक खाली मान घालून म्हणाला, “कारल्याचे मळेही राखीव केलेत, महाराज.”

मग काठावरून वेलीचेच हसू ऐकू आले. ती रडत होती आणि हसतही होती. तिच्या पाठोपाठ सारा कोळवाडा हसला. राजा हसला नाही. तो उष्ट्या हातानेच उठला, घाटावर गेला आणि पहिला खांब स्वतः हलवू लागला. तो एकट्याला उपटेना, तेव्हा कोळ्यांनी हात लावला. संध्याकाळपर्यंत घाटावर एकही खांब उरला नाही. खाण्यापुरतेच मासे धरावेत आणि नको असलेला मासा काठावर न फेकता जिवंत पाण्यात सोडावा, एवढा एकच नियम राजाने घातला, आणि तो आधी स्वतःला लावला.

त्या रात्री कोळवाड्यात कित्येक वर्षांनी रोहू शिजला. वेलीने पहिली वाटी सोमिलपुढे ठेवली.

“चार चिरा कमी मारल्या असत्यास,” ती म्हणाली, “तर आमचा काटेरा वाचला असता. पण रोहू, मरळ, वाम आणि शिंगाडा कायमचे गेले असते.”

सोमिलने घास घेतला आणि जरा घाबरतच म्हणाला, “छान.”

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली तेव्हा विहारात एक भिक्खू खाली मान घालून बसला होता. भिक्षेत मिळेल त्याला तो चांगलेच म्हणे. एका गरीब विणकराच्या घरची पेज त्याने अशीच वाखाणली. त्याच्या सोबत्याने ते सर्वत्र सांगितले आणि दुसऱ्या दिवशी त्या दारात वीस भिक्खू उभे राहिले. विणकराचे घर उपाशी राहिले, तेव्हा त्याच्या बायकोने विहारात येऊन ते स्पष्ट सांगितले. शास्ते म्हणाले, “तो राजा हाच भिक्खू होता, कुंभक त्याचा सोबती होता, वेली म्हणजे ही विणकराची बायको, आणि सोमिल आचारी मीच होतो.” चांगले म्हणणे हा दोष नव्हता हे उमगून त्या भिक्खूने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि दुसऱ्या दिवशी वीसही जण दुसऱ्या वाटेने भिक्षेला गेले. या कथेतला गुण सत्याचा आहे. अर्धे सांगून न थांबणाऱ्या, पुरत्या सत्याचा.