रथ आला की आणला?

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता त्याच्या राजवाड्यालासुद्धा आठवत नाही. लहानांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका.

त्या राज्यातल्या एका गावात रखमाजी नावाचा गाडीवान राहत होता. त्याची एक बैलगाडी होती आणि हरण्या-तांबड्या अशी बैलांची जोडी होती. गाडी दिसायला साधी, पण चालायला गुणाची. लोकांचं धान्य बाजारात, नव्या नवऱ्या सासरी आणि आजारी माणसं वैद्याकडे, सगळं तीच नेत असे. आपली चूल त्या गाडीवर पेटते, हे त्याच्या बायकोला, साळूला, पक्कं ठाऊक होतं. रखमाजीलाही ठाऊक होतं, पण मधूनमधून.

एके दिवशी रस्त्यात राजाचा रथ आला. पुढच्या स्वारांनी रखमाजीला गाडी बाजूला घ्यायला लावली. बाजूला म्हणजे थेट खड्ड्यात. रथ दिमाखात निघून गेला आणि तिरक्या गाडीवर तिरका बसलेला रखमाजी त्याच्याकडे बघत राहिला. बैलांनी गाडी खड्ड्यातून वर काढली, पण त्याचं मन काही वर येईना. त्या दिवसापासून आपली गाडी फार खडखड करते असं त्याला वाटू लागलं. ती आधीही करत होतीच, त्याने ऐकलं नव्हतं इतकंच.

पुढे एकदा तो एका रोग्याला घेऊन दोन गावं ओलांडून पलीकडच्या गावच्या वैद्यबुवांकडे गेला आणि बोलता बोलता मनातलं बोलून गेला. वैद्यबुवांनी रोग्याला काढा दिला आणि रखमाजीला गोठ्यामागे नेलं. तिथे गवताच्या गंजीआड एक रथ उभा होता.

"आत्ताच्या महाराजांच्या पणजोबांचा," वैद्यबुवा हलक्या आवाजात म्हणाले. "स्वतः बसायचे ते ह्यात."

रखमाजीचे हात आपोआप जोडले गेले. मग त्याने डोळे उघडून पाहिलं. रथाला घुमट होता आणि घुमटाच्या अर्ध्या भागावर पितळी पत्रा होता. उजव्या बाजूला सुंदर मोर रंगवलेले होते. डाव्या बाजूला मोरांचे नुसते पाय होते.

"वरचे मोर कुठायत?"

"येतील की. पाय आले म्हणजे मोर काय लांब आहेत?"

"चाकं हलतायत, वैद्यबुवा."

"संधिवात. तेल चोळलं की जातो."

रखमाजी खाली वाकला. "आणि आसेच्या जागी हा बांबू?"

"तात्पुरता. हाड मोडलं की आपण बांबूच्या कामट्या बांधतो ना? तसंच ते. खरी आस बसवायची राहिलीय. बाकी रथ तयारच आहे म्हणेनास!"

आता आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. ती नसली तर चाकं नुसती शोभेला असतात. रथाला आस नव्हती. होती नव्हती ती सगळी रखमाजीच्या मनात होती.

"काय घ्याल ह्याचं?" त्याने घाबरत घाबरत विचारलं.

"तुझी गाडी दे."

रखमाजीने वळून अंगणात उभ्या गाडीच्या दिशेने पाहिलं.

"आणि बैल," वैद्यबुवा म्हणाले.

"बैल दिले तर रथ ओढायचा कुणी?"

"वेडा की काय तू! राजाच्या रथाला कधी कुणी बैल जुंपतं? घोडे लागतात घोडे."

"माझ्याकडं घोडे नाहीत."

"रथ आला की घोडे येतात, रखमाजी. ज्याच्याकडे रथ नाही, त्याच्याकडे रथाचे घोडे आलेले कधी पाहिलेस का?"

रखमाजीने आठवून पाहिलं. खरंच, कधीच पाहिले नव्हते. वैद्यबुवांचं म्हणणं त्याला एकदम पटलं. "दोन दिवसांनी येऊन सांगतो," असं म्हणून तो घरी आला.

साळूने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "पौर्णिमेला देवीची जत्रा. जत्रेच्या भाड्यावर आपण वर्षाचं धान्य भरतो. तवर हा रथ पुरा होईल?"

"आस तेवढी राहिलीय गं."

"मग ती वैद्यबुवांनीच का नाही बसवली?"

"त्यांना उसंत कुठाय?"

"दुपारभर ओट्यावर माशा हाकत बसलेले असतात की."

रखमाजीने विषयच बदलला. तो म्हणाला, "अगं, तू राणीसारखी बसशील रथात!"

"आणि जेवायचं काय? तेही राणीसारखंच का?"

साळू भांडली नाही. ती बाहेर गेली, बैलांपुढे पेंड ठेवली आणि हरण्याच्या कपाळावरून किती तरी वेळ हात फिरवत राहिली. रखमाजीला ते दिसलं आणि त्याने तोंड फिरवलं. बैल वासरं होते तेव्हापासून ह्या दोघांनी त्यांना वाढवलं होतं.

तरी त्याने मनात तराजू धरला. एका पारड्यात गाडी आणि बैल, दुसऱ्यात रथ. पण पहिल्या पारड्यात होती ती असलेली वस्तू आणि दुसऱ्यात होणारी. होणारी वस्तू नेहमीच जड भरते, कारण तिला अजून कुणी उचलून पाहिलेलं नसतं. रथाचं पारडं खाली गेलं. डोळ्यांपुढे मोर नाचू लागले, आणि आता ते दोन्ही बाजूंना होते.

दोन दिवसांनी तो वैद्यबुवांच्या दारात उभा राहिला. वैद्यबुवांनी हातावर हात मारून बोल घेतला, "रथ तुझ्या दारी आला, की गाडी-बैल माझे!"

"तुमचे," रखमाजी बैलांकडे न बघता म्हणाला.

मग दोघांच्याही एक गोष्ट ध्यानात आली. रथ न्यायचा कसा?

अर्थातच गाडीवर. गावातल्या लोकांनी हात लावून रथ गाडीवर चढवला आणि दोरांनी आवळला. परत येताना गाडी आपली झालेली असणार म्हणून वैद्यबुवाही निघाले. ते रथात गादी घालून ऐटीत बसले. खाली गाडी, गाडीवर रथ, रथात वैद्यबुवा, आणि हे सगळं ओढत हरण्या-तांबड्या. बैल कशाला काही बोलतात! त्यांनी नुसते कान हलवले आणि चालू लागले.

पहिल्याच गावात एक कासार बांगड्यांचं दुकान सोडून धावत आला. "अरे, हा तर माझा रथ! माझ्याकडं होता तेव्हा नुसती चाकं नीट करायची राहिली होती हो!"

"मग विकलात कशाला?" रखमाजीने विचारलं.

"चाकं करायला घेतली तर घुमट खाली आला. मी म्हैस देऊन घेतला होता, शेवटी ह्या वैद्यबुवांकडून बकरी घेऊन सोडला. ती बकरीही म्हातारी निघाली."

"म्हातारी होती," वैद्यबुवा रथातून म्हणाले, "पण स्वभावाने चांगली होती. चल रखमाजी, ऊन होतंय."

पुढच्या गावात एक तेली घाणा थांबवून बाहेर आला. त्याने रथाकडे जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. हा रथ कासाराला त्यानेच विकला होता. "माझ्याकडं होता तेव्हा फक्त रंग द्यायचा राहिला होता," तो उसासा टाकून म्हणाला.

रखमाजी हिशेबात कच्चा होता, पण इतका नव्हे. तेल्याकडे होता तेव्हा रंग राहिला होता. कासाराकडे चाकं राहिली. वैद्यबुवांकडे आस. म्हणजे जितके लोक हा रथ पुरा करत आले, तितका तो कमी कमी होत गेला.

"तुमच्याकडं रथ आला तो चालत आला होता का हो?" त्याने तेल्याला विचारलं.

"छे! गाडीवर. हा नेहमी गाडीवरनंच जातो."

आता रखमाजीला सगळं समजलं होतं, पण उशिरा. हातावर हात पडला होता आणि बोल मोडणाऱ्या गाडीवानाकडे कोण भाडं देतं? उरलेली वाट तो तांबड्याच्या पाठीवर हात ठेवून पायीच चालला. त्याला रडू येत होतं. वर वैद्यबुवा बैलांची नवी नावं ठरवत होते.

गाडी दाराशी आली तेव्हा सगळा गाव गोळा झाला होता. साळू ओवाळायला ताट घेऊन उभी होती, पण तिचे डोळे सुजलेले होते.

"आला बघ रथ," रखमाजी कसाबसा म्हणाला.

साळूने रथाकडे पाहिलं, मग खाली गाडीकडे पाहिलं, मग बैलांकडे. "आली ती आपली गाडी," ती म्हणाली. "रथ तुम्ही आणलात." आणि तिने रथाला सोडून बैलांनाच ओवाळलं. हे ती मुद्दाम बोलली की सहज, ते तिने पुढेही कधी कुणाला सांगितलं नाही.

रखमाजीने तिचे शब्द मनात घोळवले. मग त्याचा चेहरा उजळला. "वैद्यबुवा, आपला बोल काय होता?"

"रथ तुझ्या दारी आला, की गाडी-बैल माझे. उतरव सामान!"

"पण रथ आलाय कुठं? आणलाय!"

"अरे, आला काय आणि आणला काय!"

"तुमच्याकडं रोगी येतो तो चालत येतो, आणि आणतात तो खाटेवर. दोघांना एकच काढा देता का?"

लोक हसू लागले. वैद्यबुवांचं नाक लाल झालं. "उतरवा रथ खाली! बैल जुंपा! दहा पावलं चालवून दाखवतो. मग तर झालं?"

"राजाच्या रथाला बैल?" रखमाजीने विचारलं. "घोडे येऊ द्या की."

"जुंप म्हणतो ना!"

रथ खाली उतरला. बैल जुंपले गेले. वैद्यबुवा गादीवर ताठ बसले. हरण्याने एक पाऊल टाकलं, तांबड्याने दुसरं, आणि बांबू कडाड्‌कन मोडला. उजवं चाक विहिरीकडे निघालं. डावं चाक कोंबड्यांच्या मागे लागलं. मोर उताणे झाले आणि अख्खा घुमट वैद्यबुवांच्या डोक्यावर टोपीसारखा बसला.

"लागलं का हो?" साळूने विचारलं.

"किरकोळ आहे," घुमटातून आवाज आला. "दोन दिवसांत उभा राहील."

रथ पुन्हा गाडीवर चढला आणि वैद्यबुवाही चढले. रखमाजीने दोघांना पलीकडच्या गावी पोचवलं आणि भाडं चोख घेतलं, एक रथाचं आणि एक वैद्यबुवांचं. जत्रा जवळ आली होती आणि घरात कणग्या रिकाम्या होत्या, तिथे भिडेला काय काम!

परतताना रखमाजी गाडीत बसला नाही. आपण ह्या दोघांना मोरांच्या पायांसाठी देऊन टाकणार होतो, ह्याची त्याला बैलांपुढे लाज वाटत होती. माळावर आल्यावर त्याने जू उतरवलं, बैलांना पाणी पाजलं आणि दोघांच्या मध्ये उभा राहून म्हणाला, "चुकलो रे पोरांनो." हरण्याने त्याच्या खांद्यावर मान टाकली. तांबड्याने पाणी पिणं चालू ठेवलं. मग ते तिघं घरी गेले.

म्हणून सांगतो: उद्या चालेल म्हणणाऱ्या वस्तूसाठी आज चालणारी वस्तू देऊन बसू नये.