उष्टं वेचणारं आतडं

मला सांगायची नव्हती ही गोष्ट, पण तुम्ही डोकं खाल्लंत. आता गप ऐका.

फार पूर्वी एका देहात यकृत पित्ताचे क्षार बनवायचं. ते क्षार आतड्यात उतरून तूप-तेल फोडायचे. मग लहान आतड्याचं शेवटचं टोक ते वेचून रक्तातून यकृताकडे परत धाडायचं. तेच क्षार पुन्हा कामाला लागायचे.

एकदा यकृत सगळ्यांदेखत म्हणालं, "क्षार माझे! हे टोक तर नुसतं उष्टी काढणारं!" पोट फिदीफिदी हसलं.

टोक भडकलं. "मग आजपासून तुझं उष्टं तूच काढ!" असं म्हणून त्यानं वेचणं बंद केलं.

क्षार मोठ्या आतड्यात वाहून गेले. देहाला जुलाब लागले. यकृत मर मर राबलं, तरी नवे क्षार पुरेनात. तूप न पचताच बाहेर पडू लागलं आणि देह वाळला. शेवटी यकृत कण्हत म्हणालं, "चुकलं माझं, बाबा. तुझ्या वेचण्यावरच माझं भागत होतं."

टोक कुरकुरत कामाला लागलं.

यकृतानं निदान माफी मागितली. गावजेवणात मी पत्रावळी उचलत होतो, तेव्हा भर पंगतीत मला जो हेच बोलला, त्यानं अजून मागितलेली नाही. सयाजी खरमाटे!