टिमकीचा गळ

एक होती चिचुंद्री. तिचं नाव टिमकी.

टिमकीचे आबा आजारी होते. आबा म्हणाले, "टिमके, एक मासा आण गं. गरम गरम कालवण कर."

टिमकीने टोपली घेतली. काठी घेतली. काठीला दोरी. दोरीला बूच. बुचाखाली गळ. घरात गळ एकच!

तुरुतुरु तुरुतुरु, टिमकी डोहावर आली.

सकाळ झाली होती. पण सकाळ दिसत नव्हती. सगळीकडे धुकं. पांढरं पांढरं. गप्प गप्प.

टिमकीने गळ टाकला. टुब्! बूच हललं. बूच बुडालं. टिमकीने काठी ओढली.

तट्! बुचाखाली दोरी तुटली. गळ गेला तळाला.

"डोहोबा, डोहोबा, गळ दे ना!"

पाण्यातून आवाज आला. बुड् बुड् बुड्.

"नाही देणार! धुकं बसलंय माझ्यावर. मला तळ दिसत नाही. धुकं उठेल, तर गळ देईन."

तुरुतुरु तुरुतुरु, काठी घेऊन टिमकी धुक्यात शिरली. तिचे पाय तिलाच दिसेनात.

"धुकेताई, धुकेताई, डोह गळ देईना. तू ऊठ ना!"

कानाशी कुणीतरी कुजबुजलं. श्श्श...

"नाही उठणार! वारा सुटेल, तर उठेन."

तुरुतुरु तुरुतुरु, टिमकी वेळूच्या बनात गेली. तिथे वारा झोपला होता. दिसत नव्हता. नुसता श्वास ऐकू येत होता. हुस्स... हुस्स...

"वारोबा, वारोबा, डोह गळ देईना, धुकं उठेना. तू सूट ना!"

"नाही सुटणार! वेळू करकरेल, तर सुटेन."

तुरुतुरु तुरुतुरु, टिमकी वेळूपाशी गेली. वेळू वाकला होता. पार खाली.

"वेळूदादा, वेळूदादा, डोह गळ देईना, धुकं उठेना, वारा सुटेना. तू करकर ना!"

"नाही करकरणार! शेंड्यावर घुबड बसलंय. घुबड उडेल, तर करकरेन."

तुरुतुरु तुरुतुरु, टिमकी शेंड्याकडे गेली. धुक्यात दोन डोळे. गोल गोल. पिवळे पिवळे.

"घुबडमावशी, घुबडमावशी, डोह गळ देईना, धुकं उठेना, वारा सुटेना, वेळू करकरेना. तू ऊड ना!"

"नाही उडणार! होडीखाली कुणीतरी रडतंय. मला भीती वाटते. ते गप्प होईल, तर उडेन."

तुरु... तुरु... टिमकी होडीपाशी गेली. होडी पालथी पडली होती. जुनी. काळी. आतून आवाज येत होता. ऊंऽ ऊंऽ ऊंऽ.

टिमकी एक पाऊल मागे सरली. पळून जावं? पण घरी आबा वाट बघत होते.

टिमकी होडीखाली शिरली.

आत होतं एक भूत! इवलंसं. टिमकीएवढंच. पाय नव्हते. डोळे मोठे मोठे. हात ओले ओले.

"भुता, भुता, डोह गळ देईना, धुकं उठेना, वारा सुटेना, वेळू करकरेना, घुबड उडेना. तू गप्प हो ना!"

"कसं होऊ?" भूत म्हणालं. "मला मासे धरायचेत. पण सगळे मला बघून पळतात. कुणी शिकवतच नाही. ऊंऽ ऊंऽ!"

टिमकी पळाली नाही. ती भुताजवळ बसली.

"मला आबांनी शिकवलं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी गळ माझ्याच शेपटीला लागला. केवढी ओरडले मी! आबा हसले. मग त्यांनी माझा हात धरला. असा."

टिमकीने भुताचा हात धरला. गार गार हात!

"काठी हलकी धर. बोलू नको. बूच बघ."

भुताने काठी धरली. भुताने बूच बघितलं. भूत गप्प झालं.

भूत गप्प झालं, घुबड उडालं. फड् फड् फड्!
घुबड उडालं, वेळू करकरला. कर्र कर्र!
वेळू करकरला, वारा सुटला. सूंऽऽ!
वारा सुटला, धुकं उठलं. अलगद अलगद.
धुकं उठलं, डोहाला तळ दिसला.
आली एक लाट. चुळूक! लाटेने गळ काठावर ठेवला.

टिमकी काठी घेऊन होडीखालून बाहेर आली. तिने गळ बांधला. घट्ट. पक्का. काठी खाली ठेवली.

"भुता, आधी तू टाक," ती म्हणाली.

तिने मागे बघितलं. लख्ख ऊन पडलं होतं. भूत कुठेच नव्हतं.

पण काठी उठली. आपोआप! हवेत थांबली. हलकी. सरळ. एकटीच.

टुब्! गळ पाण्यात गेला. बूच हललं. बूच बुडालं.

सुळ्ळकन मासा वर आला! टिमकीच्या टोपलीत पडला.

"शाब्बास!" टिमकी म्हणाली.

कुणीतरी हसलं. खुदुखुदु. अगदी जवळ.

घरी आबांनी कालवण खाल्लं. भुर्र भुर्र भुरके मारले.

"एवढा मोठा मासा! कुणी धरला गं?"

"उद्या डोहावर चला, आबा. दाखवते," टिमकी म्हणाली. "दिसलं तर!"

गळ मिळाला, मासा शिजला, आबांचं पोट भरलं. आणि गोष्ट गेली पाण्यात... डुबुक!