झोळीत पहिलं कोण?

एका डोंगरी किल्ल्याचा बुरूज ढासळला होता. तो बांधायचा तर गवंड्यांना दोराने कड्यावरून खाली सोडायला हवं होतं, आणि दोर वळत होती ठकूबाई. वाखाचे तंतू भिजवायचे, वाळवायचे आणि मगच पीळ द्यायचा, असं तिचं काम.

चौथ्याच दिवशी किल्लेदार हैबतराव तणतणत आले. "अजून अर्धाच? उद्या सकाळी दोर हवा. थोडा धोका पत्करावाच लागतो, बाई."

ठकूबाईचे हात थांबले. गेल्या साली याच शब्दांपायी तिच्या नवऱ्याने एका दिवसात दोर वळला होता. दोर वळणाऱ्याने त्यावरून आधी स्वतः उतरून दाखवायचं, ही गडाची रीत. तो उतरला, तो वर आलाच नाही.

"देते उद्या," ती म्हणाली.

सकाळी कड्यावर गवंडी जमले. ठकूबाईने दोराला झोळी बांधली आणि किल्लेदारांपुढे धरली. "बसा, सरकार."

"मी? वळणाऱ्याने बसायची रीत आहे."

"हा दोर माझ्या हातांनी आणि तुमच्या घाईने मिळून वळलाय. हातांची पाळी आमच्या घराने गेल्या साली भरली. आज घाईची पाळी आहे."

एकही गवंडी हसला नाही. सगळे किल्लेदारांकडे बघत राहिले. हैबतरावांनी दरीत डोकावून पाहिलं आणि ते दोन पावलं मागे सरले.

"नीट वळायला किती दिवस लागतात?"

"आठ."

"दहा घे."

"आठच लागतात, सरकार," ठकूबाई झोळी सोडत म्हणाली. "त्यालाही आठच लागत होते."